भंगारातली गाडी आणि घरातलं कोडिंग : हौसेला हिशेबाची जोड कशी द्यायची?

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार एका व्हिडिओमुळे देशभर पोहोचले. लोखंडाचं काम करणाऱ्या या माणसाने मुलाच्या हट्टापायी जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून चारचाकी उभी केली होती. खर्च सुमारे 60 हजार रुपये. तोंड जीपसारखं, आणि सुरू करायला मोटारसायकलसारखी किक. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तो व्हिडिओ शेअर करून कौतुक केलं. सोबत एक गोष्टही स्पष्ट लिहिली : ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील. म्हणून त्यांनी या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो आली आणि त्यांची गाडी महिंद्रा कंपनीकडे गेली.

लोकांच्या लक्षात बोलेरो राहिली. पण ‘ही गाडी रस्त्यावर चालणार नाही’ हे वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. घरी गाडी बनवायला निघालेल्या प्रत्येक पोराने आणि त्याच्या अब्बूने ते आधी समजून घ्यायला हवं. महिंद्रांची नजर प्रत्येक व्हिडिओवर पडत नाही. बाकीच्यांच्या वाट्याला पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असलेली गाडी आणि वाया गेलेले पैसे येऊ शकतात.

मग गाडी बनवूच नये का? तसं नाही. बनवायला जरूर हवी. फक्त ती कशासाठी बनवायची, कुठे चालवायची आणि त्यातून पुढे काय मिळवायचं, हे आधी ठरवायला हवं. बीड जिल्ह्यात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, गेवराई, कुठेही जा. गॅरेज, वेल्डिंग, रेडिएटर, बॅटरी, वायरिंग, सीटकुशन या कामांत आपल्या समाजाचे किती हात आहेत, हे वेगळं सांगायला नको. त्याच घरांतली मुलं-मुली आज मोबाईलवर कोडिंगचे व्हिडिओ बघतात. वडिलांचं हुनर आणि लेकरांचा छंद, दोन्ही एकाच छताखाली असतात. पण एकमेकांना भेटत नाहीत. घरी बनवलेली गाडी ही त्या भेटीची चांगली जागा आहे.

‘किट कार’ म्हणजे काय?

कंपनीने पूर्ण तयार केलेली गाडी न विकता तिचे भाग पेटीत भरून विकायचे आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायचे, याला किट कार म्हणतात. हा प्रकार इंग्लंडमध्ये चांगलाच रुजला, आणि त्यामागे कराचा हिशेब होता. तयार गाडीवर तिथे खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नव्हता. 1957 मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘लोटस सेव्हन’ ही हलकी दोन सीटची गाडी काढली, आणि लोकांनी ती किटच्या रूपात घेऊन घरच्या गॅरेजमध्ये जोडली. 1973 मध्ये कराची पद्धत बदलली आणि तो फायदा संपला. त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले. तिची गाडी आजही किटमध्ये मिळते.

पुढे 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं. अवघ्या 250 पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधायची, हे त्यात मापांसह दिलं होतं. चौकोनी लोखंडी पाइपची चेसिस, जुन्या गाडीचं इंजिन, त्याच गाडीचा एक्सल. ते वाचून अनेकांनी घरी गाड्या बांधल्या.

पण तिथे आणि इथे एक मोठा फरक आहे. इंग्लंडमध्ये एकट्या माणसाने बनवलेली एकच गाडी तपासून तिला रस्त्यावर आणायची सरकारी व्यवस्था आहे. ब्रेक, दिवे, स्टीअरिंग, धूर, टोकदार कडा, सगळं बघतात. पास झाली तर नंबर मिळतो. आपल्याकडे घरगुती गाडीसाठी अशी सोपी खिडकी नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 39 सांगतं की नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही. नोंदणी हवी तर बनवणाऱ्याने त्या गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्था आपल्यापासून लांब नाहीत. पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी, आणि बीडला लागून असलेल्या अहिल्यानगरमधली संरक्षण खात्याची व्हीआरडीई, तिन्ही या यादीत आहेत. ट्रॅक्टरची तपासणी मध्य प्रदेशातल्या बुधनीला होते. अंतर कमी असलं तरी खर्च आणि कागदपत्रं कंपनीच्या झेपेतली आहेत, एका गॅरेजच्या नाहीत.

मग कोणी म्हणेल, नवी गाडी नको, जुन्या ओम्नीचीच बॉडी कापून जीप करू. तिथे कलम 52 आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. सीएनजी किट किंवा मान्यता मिळालेलं इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण ते अधिकृत ठिकाणी बसवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. आपल्या बीडसाठी हे काम एमएच 23 च्या कार्यालयात आणि अंबाजोगाईकडच्या लोकांसाठी एमएच 44 च्या कार्यालयात होतं.

‘इलेक्ट्रिक गाडीला नंबर लागत नाही’ असंही पुष्कळ जण सांगतात. ही सूट फार छोटी आहे. मोटरची ताकद 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, अशा वाहनांसाठी ती आहे. त्यांनाही तपासणी संस्थेची मान्यता लागतेच. चार चाकांची, दोन माणसांची घरगुती गाडी यात बसत नाही.

सगळ्यात मोठा धोका विम्याचा. नोंदणी नाही तर विमा नाही. अशा गाडीने कोणाला धडक बसली तर नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाते. त्यात घर, जमीन, सगळं जाऊ शकतं. आणि चालवणारा 18 वर्षांखालचा असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतरचं कलम 199-अ लागतं. त्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. एका रीलसाठी एवढी किंमत मोजायची का, हे घरात बसून बोलायला हवं.

म्हणून पहिला नियम साधा ठेवा. ही गाडी शिकण्यासाठी आहे. ती कुंपणाच्या आत, स्वतःच्या बंदिस्त जागेत किंवा कॉलेजच्या मैदानावर लेखी परवानगीने, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली चालेल. सार्वजनिक रस्त्यावर, मोहल्ल्याच्या गल्लीत किंवा मिरवणुकीत ती येणार नाही.

भंगार घेताना पावती आधी

जुन्या बाजारातून इंजिन, गेअर बॉक्स, एक्सल स्वस्तात मिळतो. पण इंजिनवर नंबर असतो, चेसिसवर नंबर असतो. तो भाग चोरीच्या गाडीचा निघाला तर ‘मी भंगारातून घेतला’ एवढं बोलून सुटका होत नाही. चौकशीत घरातलं पोर अडकलं की वकिलाचा खर्च गाडीच्या खर्चापेक्षा जास्त होतो, आणि नावाला लागलेला डाग तर पैशाने निघतच नाही.

तेव्हा तीन कागद मागा : दुकानदाराची सही-तारखेची पावती, ज्या गाडीचा भाग आहे तिच्या आरसीची प्रत, आणि ती गाडी मोडीत काढून नोंदणी रद्द केल्याचा पुरावा. इंजिन नंबर खोडलेला किंवा घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असला तरी तो भाग हात न लावता परत ठेवा. सगळ्या भागांचे फोटो आणि पावत्या एका फाइलमध्ये जपा.

वेल्डिंग आधी की वही आधी?

आपल्या मिस्त्रींचा अंदाज जबरदस्त असतो. आवाज ऐकून टायमिंग सांगतात. पण नवी गाडी बांधताना अंदाज पुरत नाही, आधी वहीत हिशेब लागतो. एक सोपं उदाहरण घेऊ.

समजा इलेक्ट्रिक गाडी करायची आहे. दोन माणसं धरून एकूण वजन 450 किलो. वेग ताशी 25 किलोमीटर. सपाट रस्त्यावर चाकं घरंगळण्याचा आणि हवेचा अडथळा मोडायला साधारण 600 ते 700 वॉट लागतात. म्हणजे घरातल्या मिक्सरएवढी ताकद! ऐकून आश्चर्य वाटतं. पण चढ आला की चित्र बदलतं. दर 100 मीटरला 5 मीटर चढ असेल तर त्याच वेगासाठी आणखी सुमारे 1500 वॉट लागतात. म्हणजे एकूण 2 किलोवॉटच्या पुढे. मांजरसुंब्याचा घाट चढताना लोड भरलेला ट्रक का कण्हतो, हे इथे आकड्यांत कळतं.

आता बॅटरी. 12 व्होल्टच्या 100 अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या जोडल्या की 48 व्होल्ट होतात. 48 गुणिले 100 म्हणजे 4800 वॉट-तास. पण साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते. म्हणून निम्मीच धरा : 2400 वॉट-तास. चढ-उतार, थांबणं-निघणं आणि तारांमधला तोटा मिळून सरासरी 1000 वॉट लागतात असं धरलं, तर सुमारे 2 तास 24 मिनिटं. म्हणजे कागदावर 60 किलोमीटर, प्रत्यक्षात त्याहून कमी. शिवाय या चार बॅटऱ्यांचं वजनच 100 किलोच्या वर जातं. ते कुठे ठेवायचं? उंच ठेवलं तर वळणावर गाडी उलटायला बघेल. म्हणून तळाशी आणि दोन्ही एक्सलच्या मध्ये ठेवायचं.

ब्रेकचा हिशेब तर प्रत्येकाने करावा. कोरड्या जमिनीवर चांगल्या ब्रेकने ताशी 20 च्या वेगातून थांबायला साधारण 3 मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे 40 केला तर 6 नाही, 12 मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. यात डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. म्हणून घरगुती गाडीचा वेग ताशी 20 वर बांधून ठेवणं शहाणपणाचं आहे.

एक सावधगिरी आणखी. ‘पाण्यावर चालणारी गाडी’, ‘चालता चालता स्वतःच चार्ज होणारी गाडी’ असे दावे मोबाईलवर फिरत असतात. चाकाला डायनामो लावून तीच बॅटरी भरायची आणि त्याच बॅटरीवर चाक फिरवायचं, यातून एक वॉटही जास्त मिळत नाही. उलट प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. पाणी हे इंधन नाही. ते तर हायड्रोजन जळून उरलेलं असतं, त्याची राख म्हणा हवं तर. अशा मागे लागून लेकराची दोन वर्षं जाऊ देऊ नका.

कोडिंग कुठे येतं?

2005 मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात विद्यार्थ्यांसाठी एक छोटा, स्वस्त बोर्ड तयार झाला. त्याचं नाव आर्डुइनो. त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवल्यामुळे आज त्याच धर्तीचे बोर्ड बाजारात काही शे रुपयांत मिळतात. आर्डुइनो उनोमध्ये प्रोग्रॅमसाठी जागा फक्त 32 किलोबाइट असते. मोबाईलमधल्या एका फोटोपेक्षाही कमी. पण गाडीचं मीटर बनवायला तेवढी पुष्कळ झाली.

स्पीडोमीटरच बघा. चाकावर एक छोटं लोहचुंबक चिकटवायचं, शेजारी ‘हॉल सेन्सर’ बसवायचा. चाक एकदा फिरलं की सेन्सर एक टिकटिक देतो. टायरचा व्यास 50 सेंटिमीटर असेल तर परीघ 1.57 मीटर. एका सेकंदात 4 टिकटिक आल्या तर गाडी 6.28 मीटर पुढे गेली. त्याला 3.6 ने गुणलं की ताशी 22.6 किलोमीटर. प्रोग्रॅमला एवढंच सांगायचं : टिकटिक मोज, गुण, पडद्यावर दाखव, आणि वेग 20 च्या वर गेला तर बझर वाजव. सातवी-आठवीचं गणित आहे. पण पुस्तकातला परीघ आणि आपल्याच गाडीच्या चाकाचा परीघ, यांत लेकराला फरक जाणवतो.

दुसरं काम बॅटरीचं. आर्डुइनो 5 व्होल्टपर्यंतच वाचू शकतो, आणि चार्जिंगच्या वेळी आपली बॅटरी 58 व्होल्टपर्यंत जाऊ शकते. थेट जोडलं तर बोर्ड जळेल. म्हणून 100 किलो-ओहम आणि 8.2 किलो-ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून व्होल्टेज वाटून घ्यायचं. धाकट्या रेझिस्टरवर 58 चे 4.4 व्होल्ट होतात आणि बोर्ड सुरक्षित राहतो. मग प्रोग्रॅममध्ये त्याला पुन्हा 13.2 ने गुणलं की खरा आकडा मिळतो. असाच एक तापमानाचा सेन्सर मोटरवर लावता येतो. मागे घेताना अंतर सांगणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजावर चालतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तेव्हा 2 मीटरवरच्या भिंतीवर आदळून परत यायला त्याला जेमतेम 12 मिलिसेकंद लागतात. बोर्ड तेवढा वेळ मोजतो आणि अंतर सांगतो.

आकडे मेमरी कार्डवर साठवले तर आणखी मजा आहे. कोणत्या दिवशी, किती वजन घेऊन, किती अंतर गेलो आणि किती बॅटरी खर्च झाली, हे सगळं उतरतं. मग वहीतला हिशेब आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवा. फरक का पडला, हे शोधणं म्हणजेच इंजिनिअरिंग.

मात्र एक लक्ष्मणरेषा पाळा. ब्रेक आणि स्टीअरिंग कधीही घरगुती प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं नाही. प्रोग्रॅम मोजेल, दाखवेल, इशारा देईल. थांबवणारा ब्रेक पायाखालचाच असेल. आणि बॅटरीची मुख्य तार एका हाताने तोडता येईल असा मोठा लाल स्विच ड्रायव्हरच्या आवाक्यात असेल. बाकी सगळं नंतर.

हे काम फक्त पोरांचं नाही. आपल्या अनेक घरांत मुली अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतात, पण सुट्टीत त्यांच्या हाती करायला काही नसतं. चेसिस भावाने आणि चाचांनी उभी करावी, मीटरचा कोड बहिणीने लिहावा. प्रकल्पावर दोघांची नावं असावीत.

ही परंपरा आपल्याला नवी नाही

यंत्र आणि सूचना एकत्र आणण्याचं काम नवव्या शतकात बगदादच्या बनू मुसा बंधूंनी केलं. या तिघा भावांच्या ग्रंथात आपोआप वाजणाऱ्या बासरीचं यंत्र आहे. 1206 मध्ये अल-जझरी यांनी 50 यंत्रांचं वर्णन करणारा ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या एका पंपात गोल फिरण्याचं रूपांतर पुढे-मागे सरकण्यात होतं. गाडीच्या इंजिनमध्ये पिस्टन आणि क्रँकशाफ्ट नेमकं हेच काम उलट्या दिशेने करतात. त्यांच्या वादकांच्या नावेत फिरणाऱ्या दंडगोलावरच्या खुंट्या ताल ठरवायच्या. खुंट्यांची जागा बदलली की ताल बदलायचा, असं काही अभ्यासक मानतात. आणि ‘अल्गोरिदम’ हा शब्द तर अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरूनच आला.

हे फक्त अभिमानासाठी सांगत नाही. अल-जझरी आजही वाचले जातात, कारण त्यांनी यंत्र बनवलं आणि कसं बनवलं तेही माप-चित्रांसह लिहून ठेवलं. आपल्याकडच्या उस्तादांचं हुनर मात्र त्यांच्याबरोबरच जातं. कारण ते कुणी लिहून घेत नाही.

शेजारच्या लातूरचं उदाहरण

घरगुती कल्पना धंद्यापर्यंत जाऊ शकते, हे लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याच्या मकबूल शेख यांनी दाखवलं. ते गॅरेजमध्ये काम करणारे मेकॅनिक. दुष्काळाच्या वर्षांत मराठवाड्यात शेतकऱ्यांनी बैल विकले, आणि मोठा ट्रॅक्टर छोट्या शेतकऱ्याला परवडत नव्हता. शेख यांनी बुलेटच्या धर्तीवर 10 एचपीचा छोटा ट्रॅक्टर तयार केला, जो फवारणी, कोळपणी अशी कामं करतो. त्याआधी गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगाणी यांनी 1994 मध्ये बुलेटच्या मागे औजार जोडून ‘बुलेट सांती’ बनवली होती. तिला पुढे पेटंटही मिळालं. श्रीनगरचे गणिताचे शिक्षक बिलाल अहमद यांची वर्षानुवर्षं खपून बनवलेली सोलर कार 2022 मध्ये देशभर गाजली.

या उदाहरणांत एक फरक दिसतो. दिसायला देखणी गाडी व्हिडिओपुरती चालते. गरज भागवणारं यंत्र गिऱ्हाईक मिळवतं. बीडच्या शेतात, ऊसतोडीच्या कामात, भाजीच्या गाड्यावर, अपंग व्यक्तीच्या तीनचाकीत काय अडतं, हे बघून प्रकल्प निवडला तर त्याला पुढे वाट मिळते.

वाट कुठून कुठे जाते?

शाळेत असाल तर ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ योजनेत शाळेमार्फत कल्पना पाठवता येते. निवड झाली तर नमुना बनवायला विद्यार्थ्याच्या खात्यात 10 हजार रुपये येतात. उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांनाही हे विचारा. काही शाळांमध्ये नीती आयोगाच्या योजनेतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ आहे. तिथे सहावी ते बारावीच्या मुलांसाठी बोर्ड, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर असतात. आपल्या शाळेत ती असेल आणि कुलूपबंद असेल, तर पालकांनी ती उघडायला लावावी.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल तरी दार बंद नाही. दहावीनंतर 2 वर्षांचा आयटीआय करून पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे गॅरेजमधून पदवीपर्यंत पक्का रस्ता आहे. बीडमध्ये आयटीआय आणि सरकारी पॉलिटेक्निक दोन्ही आहेत. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करता येते.

इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्यावर तर गाडी बांधणं हाच खेळ आहे. 2007 पासून ‘बाहा एसएई इंडिया’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. मुलं खडबडीत रस्त्यावरची एक सीटची गाडी स्वतः डिझाइन करतात, बांधतात आणि परीक्षकांसमोर चालवतात. तिची इलेक्ट्रिक आवृत्तीही आहे. इथे गाडी चालवणं कायदेशीर, हेल्मेट-पट्ट्यासह आणि बंद ट्रॅकवर असतं. ज्याने घरी वेल्डिंग केलं, वायरिंग केलं, त्याची अशा टीमला गरज असते.

आणि ज्यांच्याकडे कसलीच पदवी नाही, त्यांच्यासाठी गांधीनगरची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे. 2000 साली सुरू झालेली ही संस्था औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसांच्या कल्पना नोंदवते आणि पेटंटपर्यंत मदत करते. कोडिंग शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मोफत पाठ आहेत, त्यातले बरेच मराठीतही आहेत.

घरातल्या सुरक्षेच्या चार गोष्टी

पेट्रोलच्या जुन्या टाकीला किंवा केमिकलच्या ड्रमला वेल्डिंग कधीच करू नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ती फुटते. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो न घासता वेल्डिंग केलं तर धुराने रात्री ताप भरतो. काम मोकळ्या हवेत करा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून त्याच खोलीत ठिणगी, वेल्डिंग किंवा शेगडी नको. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलला एकदम टेकला तर लोखंड लाल होईल एवढा करंट वाहतो.

लिथियम बॅटरी वापरायची तर बीएमएस असलेला तयार, मान्यताप्राप्त पॅकच घ्या. जुने सेल जोडून घरी पॅक बांधू नका. चार्जिंग जिन्याखाली किंवा दारात लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

पालकांसाठी शेवटचं

आपल्या घरांत दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. गॅरेजवाला बाप म्हणतो, “बेटा, कॉम्प्युटर शीक, हात काळे करू नकोस.” आणि कॉम्प्युटर शिकलेला पोरगा नोकरी न मिळाल्यावर म्हणतो, “यापेक्षा अब्बूंचं काम शिकलो असतो.” दोघेही अर्धं बोलतात. आजच्या गाडीत इंजिनएवढंच सॉफ्टवेअर असतं, आणि येणाऱ्या दिवसांत फक्त पाना चालवणाऱ्या किंवा फक्त कीबोर्ड चालवणाऱ्यापेक्षा दोन्ही जाणणाऱ्याला काम जास्त मिळेल.

तेव्हा या सुट्टीत एकदम गाडीला हात घालू नका. एक जुनी सायकल घ्या, तिला चुंबक आणि सेन्सर लावून स्पीडोमीटर बनवा. एक वही घाला : तारीख, माप, खर्च, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं. उस्तादांना शेजारी बसवून त्यांचं म्हणणं त्यात लिहून घ्या. ते जमलं की बॅटरी, मग मोटर, मग चेसिस. वर्षभरानंतर गाडी चालली तर आनंदच आहे. नाही चालली तरी ती भरलेली वही आयटीआयच्या निदेशकासमोर, कॉलेजच्या टीमसमोर किंवा नोकरीच्या मुलाखतीत ठेवता येईल. लाखभर व्ह्यूज मिळालेल्या रीलपेक्षा ती जास्त दिवस कामाला येईल.